एसी घरात का गळतो? आधी बाहेरचा पाइप बघा

उन्हाळ्यात चालू एसीतून पाणी निघणारच. ते खिडकीबाहेर पडतं तोवर कुणाचं लक्ष नसतं. पलंगावर किंवा टीव्हीवर ठिबकायला लागलं की मेकॅनिकला फोन जातो. पलीकडून बऱ्याचदा एसी न बघताच उत्तर येतं, "गॅस चेक करावा लागेल." गॅसचा आणि गळणाऱ्या पाण्याचा संबंध असतो, पण जरा लांबचा, तो कसा ओळखायचा ते पुढे येईलच. घरातल्या स्प्लिट एसीत बहुतेक वेळा दोष निघतो तो बोटाएवढ्या जाडीच्या एका प्लास्टिकच्या पाइपात. पाणी कुठून येतं, कुठल्या वाटेने जातं आणि ती वाट कुठे अडते एवढं समजलं, की निम्मं निदान मेकॅनिक यायच्या आत होऊन जातं.

त्याआधी एक काम. आपल्याकडे स्टॅबिलायझर हमखास इनडोअर युनिटच्या खाली किंवा शेजारी भिंतीवर ठोकलेला असतो, म्हणजे नेमका पाण्याच्या वाटेत. गळती दिसली की रिमोटने एसी बंद करून भागत नाही, एमसीबी खाली करा. स्टॅबिलायझरवर पाणी पडलं असेल तर तो पूर्ण वाळून, तपासून झाल्याशिवाय पुन्हा चालू करायचा नाही. ओल्या भिंतीवरच्या स्विचला हात लावायचा मोहही टाळा.

एवढं पाणी येतं कुठून

फ्रिजमधला गार तांब्या टेबलावर ठेवला की त्याला बाहेरून घाम फुटतो. ते पाणी तांब्यातलं नसतं, हवेतलं असतं. एसीच्या आत तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची जी कॉइल असते, तिला चालू असताना अखंड असाच घाम फुटत असतो.

आकड्यांत सांगायचं तर, मुंबईत मे महिन्यात ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत साधारण २३ ते २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. १२ अंशांच्या हवेला जेमतेम पावणेअकरा ग्रॅम पेलवतं. त्यामुळे दमट हवा गार कॉइलवरून गेली की उरलेलं पाणी थेंब होऊन सुटतं. दीड टनाचा एसी दमट दिवसात तासाला एक ते दोन लिटर पाणी सहज काढतो. रात्रभरात बादली भरत आली तर त्यात नवल नाही. "आमचा एसी फार पाणी सोडतो" ही तक्रार मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजीकडे ऐकू येते. खरं तर तो एसी आपलं काम चोख करत असतो.

किंबहुना हेच त्याचं मूळ काम. विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी आपलं यंत्र आखलं, ते हवेतल्या दमटपणाला आवर घालण्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नव्हते. माणसांना गारवा मिळणं हे नंतरचं.

नागपूरची गोष्ट मात्र वेगळी. तिथे मे महिन्यात पारा ४४ वर आणि आर्द्रता १५ टक्के असते, तेव्हा हवेतली वाफ थेंब व्हायला तापमान ११-१२ अंशांपर्यंत खाली यावं लागतं. कॉइल साधारण त्याच तापमानाच्या आसपास असते. म्हणजे विदर्भात भर उन्हाळ्यात एसीचा पाइप जवळजवळ कोरडा राहिला तर तो बिघाड समजू नका. तिथली परीक्षा जुलैत असते. महिनाभर कोरड्या पडलेल्या पाइपात धूळ बसून कडक झालेली असते आणि पहिल्या पावसानंतर एकदम लिटरभर पाणी तिच्यावर येऊन थडकतं.

पाण्याची वाट

कॉइलवरचे थेंब ओघळून खालच्या उथळ प्लास्टिकच्या ट्रेमध्ये जमतात. ट्रेच्या एका टोकाला भोक, भोकाला लवचिक पाइप, तो तांब्याच्या नळ्यांबरोबर पट्टीत गुंडाळून भिंतीच्या भोकातून बाहेर. घरगुती स्प्लिट एसीत या पाण्याला ढकलणारा पंप नसतो. ट्रेपासून रस्त्यापर्यंत सगळा कारभार ढाळावर चालतो. म्हणून पाइपात कुठेही चढ आला, पोट पडलं किंवा चिखल साचला की पाणी मागे फिरतं, ट्रे भरतो आणि पाणी काठावरून घरात उतरतं.

ट्रेला बऱ्याच मॉडेल्समध्ये दोन्ही टोकांना भोकं असतात, म्हणजे पाइप डावीकडून न्या की उजवीकडून. न वापरलेल्या भोकाला रबरी बूच लावलेलं असतं. ते बूच सैल बसलं, किंवा सर्व्हिस करताना काढलेलं परत लावायचं राहिलं, तर पाइप लख्ख साफ असूनही एका कोपऱ्यातून धार लागते. चार हजारांचं एस्टिमेट ऐकण्याआधी हे बूच पाहायला सांगा.

कधी गळतं?

मेकॅनिकला "एसी गळतोय" एवढंच सांगू नका. कधी गळतो ते नीट बघा, कारण उत्तर बहुधा तिथेच असतं.

एसी लावल्यावर अर्धा-पाऊण तास सगळं ठीक, मग टपटप सुरू, अशी तऱ्हा असेल तर ट्रे हळूहळू भरून वाहतोय. पाइप तुंबला आहे किंवा त्याचा ढाळ बिघडला आहे. ट्रे कोरडा असताना, म्हणजे दोन-चार दिवस एसी न लावता मग लावल्यावरही काही मिनिटांत पाणी आलं, तर ते ट्रेपर्यंत पोचतच नाहीये किंवा ट्रेत टिकत नाहीये: ट्रेला चीर, सैल बूच, नाहीतर कॉइलवर एवढी घाण की थेंब भलत्याच वाटेने उडी मारतात. एसी बंद केल्यावर भसकन पाणी आलं तर आत बर्फ झाला होता, तो वितळला.

आणि एसी दिवसभर बंद असूनही पाणी आलं तर? मग ते पाणी तुमच्या एसीचं नाहीच. पाऊस पडत असेल तर भिंतीतलं भोक पुट्टीने नीट बुजवलेलं नाही, किंवा त्याचा उतार आतल्या बाजूला आहे. नव्या टॉवरमध्ये मात्र आणखी एक शक्यता असते. तिथे सगळ्या मजल्यांच्या एसीचं पाणी एकाच उभ्या पाइपात सोडलेलं असतं. तो खाली कुठेतरी चोक झाला, की वरच्या दहा घरांचं पाणी तुंबत तुंबत चढतं आणि वाटेत सापडेल त्या पहिल्या घराच्या इनडोअर युनिटमधून बाहेर येतं. अशा वेळी तुमचा एसी कितीही वेळा सर्व्हिस करा, उपयोग शून्य. सोसायटीच्या प्लंबरला बोलवा.

दुसरा प्रश्न बाहेरचा. एसी अर्धा-पाऊण तास थंडाव्यावर चालवा आणि पाइपाच्या बाहेरच्या टोकाकडे बघा. आत ठिबकतंय आणि बाहेर टोक कोरडं, म्हणजे मधे अडलंय. आत ठिबकतंय आणि बाहेरही व्यवस्थित धार आहे, तर पाइपाला दोष देऊ नका; बर्फ, बूच, चीर किंवा नळीवरचा घाम यांच्याकडे वळा. ही पाहणी खिडकीतून डोकं काढून, ग्रिलवर चढून करायची नाही. सातव्या मजल्यावरचं टोक खालून, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्याने बघा. तेही जमत नसेल तर राहू द्या.

तुंबलेला पाइप

पाइप उघडून बघितला तर आत करडा, बुळबुळीत थर निघतो. घरातली धूळ, कपड्यांचे तंतू, स्वयंपाकाच्या फोडणीचा तेलकट अंश, आणि कायम ओल असल्याने त्यावर पोसलेले जिवाणू नि बुरशी असा तो ऐवज. नालीदार लवचिक पाइपाच्या प्रत्येक खाचेत तो घर करतो. बाहेरच्या टोकाला वेगळी मंडळी असतात. मुंग्या, झुरळं, आणि कुंभारमाशी. एसी हिवाळ्यात बंद राहिला की कुंभारमाशी पाइपाच्या तोंडात मातीचं घरटं लिंपून ठेवते आणि मार्चमध्ये पहिल्यांदा एसी लावला की भिंतीवरून ओघळ.

टोक हाताशी असेल तर पहिला उपाय तिथेच. एमसीबी बंद ठेवून टोकातला मळ काडीने बाहेर ओढा. आत ढकलू नका. मग ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर असेल, तर त्याची नळी पाइपाच्या तोंडाला लावून भोवती ओलं फडकं गच्च गुंडाळा आणि मिनिटभर ओढू द्या. गाळाची गुठळी निघते तेव्हा आवाजच बदलतो. घरातला साधा, फक्त धूळ ओढणारा क्लीनर यासाठी वापरू नका. पाणी मोटारीत जाईल. बाहेरच्या टोकातून हवेचा झोत मारणं लोकप्रिय आहे, पण त्याने सगळी घाण उलट ट्रेमध्ये जाऊन पडते आणि आठवड्याभराने पुन्हा तोंडाशी येते. फुंकायचंच असेल तर आतून बाहेर, आणि ते काम मेकॅनिकचा ब्लोअर बरं करतो.

मोकळा झाला की नाही याची परीक्षा पाण्याने घ्यायची. समोरचं झाकण उचलून फिल्टर काढा आणि कॉइलच्या पट्ट्यांवर, बारीक तोंडाच्या बाटलीने, सावकाश अर्धा-एक लिटर पाणी सोडा. विजेचा डबा बहुतेक मॉडेल्समध्ये उजव्या बाजूला असतो, म्हणून पाणी दुसऱ्या बाजूने. बाहेर कुणाला तरी उभं करा. ओतलेलं पाणी थोड्याच वेळात सलग धारेने आलं तर वाट मोकळी आहे. थेंब थेंब आलं तर अजून काहीतरी अडलेलं आहे.

इथे घरगुती रसायनांचा उत्साह आवरावा लागतो. कोमट पाणी चालेल. उकळतं पाणी पीव्हीसी पाइपाला आणि त्याच्या चिकटवलेल्या सांध्यांना सोसत नाही. पाण्यात मिसळलेलं पांढरं व्हिनेगर पाइपात सोडायला हरकत नाही, पण ते कॉइलवर ओतू नका आणि नंतर भरपूर पाणी सोडा. संडास साफ करायचं ॲसिड ॲल्युमिनियम खातं. सिंक मोकळं करायची कॉस्टिक पावडरही खाते, वर हायड्रोजन वायू सोडते. आणि ब्लीचनंतर व्हिनेगर किंवा ॲसिड घातलं तर क्लोरीन वायू तयार होतो, तोही नेमका अशा यंत्रात ज्याचा पंखा तुमच्या झोपायच्या खोलीत उघडतो. साधं पाणी नेटाने सोडलं तर याची काही गरज पडत नाही.

ढाळ, पोट आणि बादली

पाइप साफ असूनही गळतं, तेव्हा संशय बसवणीवर घ्यावा. घर बदललं, एसी नव्या भिंतीवर लावला आणि पहिल्याच आठवड्यात गळायला लागला, तर शंभर कारणं शोधू नका. एक मीटर पाइपामागे निदान एक सेंटीमीटर उतार हवा. इनडोअर युनिट सरळ, किंवा ज्या बाजूला पाण्याचं भोक आहे त्या बाजूला किंचित झुकलेलं हवं. गवंड्याची लेव्हल बॉटल युनिटला लावली की उत्तर मिळतं. मोबाइलमधलं लेव्हल दाखवणारं ॲपही चालतं.

बाहेर तर बहुधा आनंदच असतो. लवचिक पाइप लांब पडला म्हणून कापायच्या ऐवजी वेटोळं करून आउटडोअर युनिटमागे खोचलेला, एका खिळ्यावरून दुसऱ्या खिळ्यावर झोके घेत गेलेला. प्रत्येक झोक्याच्या पोटात पाणी साचतं, दोन पोटांच्या मधे हवा कोंडते, आणि वरून येणाऱ्या थोड्याशा पाण्यात ती हवा ढकलायचं बळ नसतं. उन्हाने हा पाइप दोन-तीन वर्षांत कडक होऊन तडकतोही. बाहेरच्या भागासाठी गुळगुळीत, ताठ पीव्हीसी पाइप घ्या, २० किंवा २५ मिलिमीटरचा, आणि जागोजागी क्लॅम्प मारून घ्या. खर्च किरकोळ आहे आणि इथे केलेली काटकसर नंतर रंगाऱ्याच्या बिलात निघते.

पाइपाचं टोक बादलीत सोडायची पद्धत गॅलरीवाल्या घरांत सर्रास दिसते. टोक पाण्यात बुडलं की पुढच्या पाण्याला बाहेर पडायला आडकाठी होते. टोक पाण्याच्या पातळीच्या वर, मोकळ्या हवेत राहिलं पाहिजे. बाथरूममध्ये पाणी सोडलं असेल तर तेही जाळीच्या वर सोडा. थेट ड्रेनेजच्या पाइपात जोडलं तर गटाराचा वास पाइपावाटे बेडरूममध्ये येतो, आणि त्यातला हायड्रोजन सल्फाइड तांब्याच्या कॉइलला हळूहळू खातो.

चिमणी लावली की एसी गुडगुडतो

हे दुखणं बंद खिडक्यांच्या नव्या फ्लॅटमधलं आहे आणि ते सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. स्वयंपाकघरातल्या चिमण्या ताशी हजार घनमीटरच्या आसपास हवा ओढण्याची क्षमता छापून विकल्या जातात. तेवढी हवा घराबाहेर फेकली, तर तेवढीच आत यायला हवी. दारं-खिडक्या घट्ट बंद असतील तर ती मिळेल त्या फटीतून येते, आणि एसीचा ड्रेन पाइप ही बाहेरच्या हवेपर्यंत जाणारी एक छानशी फटच आहे. बाहेरची हवा पाइपातून वर चढते, खाली उतरणारं पाणी तिच्यामुळे अडतं, बुडबुडे फुटून हुक्क्यासारखा गुडगुड आवाज येतो आणि ट्रे भरून वाहतो. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखाही हेच करू शकतो.

परीक्षा सोपी आहे: चिमणी चालू असताना एक खिडकी वीतभर उघडा. गुडगुड थांबली तर निदान पक्कं. मग चिमणी लावताना खिडकी किलकिली ठेवा, किंवा पाइपात हवा वर चढू न देणारा एकदिशा व्हॉल्व्ह बसवून घ्या. घरातलीच हवा गाळून परत घरात सोडणाऱ्या, बाहेर पाइप नसलेल्या चिमणीने हे होत नाही.

बर्फ, आणि म्हणून गॅस

आता गॅसकडे. कॉइलवरून पुरेशी हवा वाहिली नाही, किंवा आत गॅस कमी झाला, तर कॉइलचं तापमान शून्याखाली उतरतं आणि तिच्यावर बर्फ धरतो. हा बर्फ वितळतो तेव्हा पाणी ट्रेच्या बाहेर पडतं किंवा एकदम इतकं येतं की पाइपाला ते आवरत नाही. पाणी आणि गॅस यांचं नातं एवढंच. म्हणून बर्फ आहे का, हे गॅस भरण्याआधी बघायचं. झाकण उघडून फिल्टर काढला की पांढरा थर डोळ्यांना दिसतो.

बर्फ असेल तर थंडावा बंद करून नुसता पंखा चालवा, तासा-दोन तासांत वितळेल. सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. खाली गॅसची नळी आहे. मग फिल्टर धुवा. साध्या नळाच्या पाण्याखाली, पूर्ण वाळवून परत. धुळीने भरलेला फिल्टर हे बर्फाचं सगळ्यात सामान्य कारण आहे, कारण तो हवाच अडवतो. एसीच्या आतल्या पंख्याच्या पात्यांवर मळाचा थर असेल तरी हवा कमी पडते. डिसेंबरच्या पुणेरी रात्री बाहेर १२ अंश असताना १६ वर एसी लावणाऱ्यांच्या घरातही बर्फ होतो. त्यात एसीची चूक नाही. भारतात १ जानेवारी २०२० पासून बनलेले स्टार लेबलचे रूम एसी मुळात २४ अंशांवर सुरू होतात. ते खाली ओढून १६ केल्याने साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत खोली लवकर गार होत नाही, फक्त कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही आणि बर्फाची शक्यता वाढते.

फिल्टर साफ, पंखा जोरात, हवामान उबदार, तरीही बर्फ परत आला आणि खोलीही पूर्वीसारखी गार होत नाही, तर गॅस कमी असल्याचा संशय योग्य आहे. आउटडोअर युनिटजवळच्या दोन नळ्यांपैकी बारीक नळीवर बर्फ दिसत असेल तर तो आणखी एक पुरावा. मात्र एक गोष्ट मनात पक्की असू द्या: एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, वर्षानुवर्षं तोच. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतोय. "दरवर्षी थोडा टॉप-अप करावा लागतो" असं सांगणाऱ्या माणसाला गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा. हल्लीच्या बऱ्याच एसीत आर-३२ असतो, तो सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. त्या नळ्यांना घरच्या माणसाने पाना लावू नये.

गळती नसलेली गळती

कधी पाणी युनिटमधून येतच नाही. तांब्याच्या गार नळीवरचं काळं फोमचं इन्सुलेशन फाटलं किंवा दोन तुकड्यांत फट राहिली, की उघड्या नळीवरच घाम येतो आणि तो पट्टीच्या आतून वाहत भिंतीवर डाग पाडतो. बोट फिरवून बघा. ओल कुठून सुरू होते ते कळतं. तेवढा भाग नव्या फोमने गुंडाळून घेतला की काम झालं.

झडपेवर, म्हणजे जिथून हवा बाहेर येते त्या पट्टीवर, दवासारखे थेंब दिसत असतील तर बिघाड नाहीच. पावसाळ्यात दार उघडं, पंखा सगळ्यात हळू आणि झडप अर्धी मिटलेली असली की हे होणारच. दार लावा, पंखा वाढवा, झडप सरळ ठेवा.

भिंतीत गाडलेल्या पाइपाचं मात्र सोपं उत्तर नाही. बांधकामाच्या वेळी त्यात सिमेंटचे खडे पडलेले असतात, सांधा सुटलेला असतो, किंवा नंतर कुणीतरी फोटो टांगायला तिथेच ड्रिल मारलेलं असतं. युनिटखाली नव्हे, त्याच्यापासून हातभर लांब रंगाचे पापुद्रे सुटायला लागले तर हाच संशय घ्या. नवीन फ्लॅटचा ताबा घेताना, एसी आणि वॉर्डरोब लागण्याच्या आधी, या पाइपात बादलीभर पाणी ओतून ते कुठे निघतं ते बघून घ्यावं. तेव्हा भिंत फोडायचा खर्च बिल्डरचा असतो.

खिडकीतल्या जुन्या एसीचं गणित निराळं. तो किंचित मागे झुकवून बसवतात. मागे साचलेलं पाणी बऱ्याच मॉडेल्समध्ये पंख्याची कडा उडवून गरम कॉइलवर मारते, त्याने ती गार व्हायला मदतच होते. आतून छपछप ऐकू आलं तर दचकू नका. पाणी खोलीत येत असेल तर तो पुढे कलला आहे, नाहीतर मागचं भोक बुजलं आहे. दुकान-ऑफिसातल्या छताच्या कॅसेट एसीला पाणी वर उचलणारा पंप असतो. तिथे गळती म्हणजे बहुधा पंप किंवा त्याचा तरंगता स्विच, आणि ते माहीतगारानेच उघडावं.

मेकॅनिक बोलवायची वेळ आलीच तर फोनवर तीन गोष्टी सांगा: किती वेळाने गळतं, बाहेर धार आहे का, आत बर्फ आहे का. चांगला माणूस तेवढ्यावरून कोणतं सामान आणायचं ते ठरवतो. जेट सर्व्हिस, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुलाई, झाल्यावर त्याच्यासमोर लिटरभर पाणी कॉइलवर सोडून बाहेर आलेलं बघा, पैसे त्यानंतर द्या. दमट किनारपट्टीवर एसी रोज चालत असेल तर फिल्टर पंधरा दिवसांनी आणि पाइपाची पाण्याची परीक्षा मोसम सुरू होण्याआधी एकदा, एवढी निगा पुरते.

राहता राहिलं बादलीतलं पाणी. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर पडण्यापेक्षा ते बादलीत गेलेलं बरं, पण ती बादली रोज रिकामी करा. डेंग्यूचा एडिस डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठवडाभर पुरतो. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं ते यासाठीच. हे पाणी लादी पुसायला, गाडी धुवायला, कुंड्यांना चालतं. पिऊ नका, ते धुळीच्या कॉइलवरून आणि त्या बुळबुळीत पाइपातून आलेलं असतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका. दिसायला डिस्टिल्ड वाटलं तरी त्यात धूळ आणि कॉइलच्या धातूंचे अंश असतात, आणि बॅटरीचं पाणी दुकानात स्वस्तात मिळतं.